डायरेक्ट सेकंड इयरला निघालेल्या धाकटीला

सिव्हिलच्या डिप्लोमाचं सहावं सेमिस्टर चालू आहे, पाचव्याचे मार्क छान आलेत, आणि घरात, शेजारी, वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांनी एकच धोशा लावलाय: डायरेक्ट सेकंड इयरला कॉम्प्युटर घे. तू विचारतेस, ताई, सिव्हिलवालीला कॉम्प्युटर मिळतं का? आणि मिळालंच तर मला झेपेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुझा निकाल, कटऑफ आणि कॅपचे, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचे, राउंड मिळून देतील. त्यात तुझ्या हातात थोडंच आहे, तेही सांगते. दुसरा प्रश्न मात्र जवळजवळ पूर्ण तुझ्या हातातला आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. पॉलिटेक्निकातून डिग्रीला आलेल्या किती हुशार मुली मी दिवाळीच्या आसपास कोमेजलेल्या पाहिल्यात. टक्के नव्वदच्या वर, हात चलाख, आणि एम-थ्रीच्या, म्हणजे डिग्रीच्या तिसऱ्या गणिताच्या, पहिल्या टेस्टनंतर होस्टेलच्या जिन्यात रडत बसलेल्या. त्यांच्यात काहीही कमी नव्हतं. शेवटचा पेपर ते कॉलेजचा पहिला दिवस, हे मधले महिने कशासाठी असतात ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच. ते तुला वेळेवर कळावं म्हणून हे सगळं.

आधी प्रवेशाचं बघू. तीन वर्षांचा डिप्लोमा झालेल्यांना डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं, त्यासाठी बारावी लागत नाही की सीईटी लागत नाही. राज्य सीईटी कक्ष कॅप राउंड घेतो आणि गुणवत्ता यादी लागते ती डिप्लोमाच्या अंतिम वर्षाच्या टक्केवारीवर, म्हणजे पाचवं आणि सहावं सेमिस्टर मिळून. पात्रतेला ४५ टक्के पुरतात, राखीव प्रवर्गाला ४०. आणि तुझ्या कामाची गोष्ट अशी की एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे डिप्लोमा अभियांत्रिकीच्या कोणत्याही शाखेचा चालतो. सिव्हिलवाली कॉम्प्युटरला अर्ज करू शकते, मेकॅनिकलवाला इलेक्ट्रॉनिक्सला. त्याच नियमात असंही म्हटलंय की वेगवेगळ्या पार्श्वभूमीतून आलेल्या मुलांसाठी विद्यापीठांनी गणितासारख्या विषयांचे ब्रिज कोर्स घ्यावेत. कुठे ते मनापासून घेतात, कुठे दोन-चार तासांत उरकतात. तू ते नसल्याचं धरून चाल.

आता जागांचं गणित. मंजूर जागांच्या १० टक्के जागा डायरेक्ट सेकंड इयरसाठी जादाच्या असतात आणि पहिल्या वर्षाला रिकाम्या राहिलेल्या जागा त्यात मिळवल्या जातात. कागदावर हे छान दिसतं. पण पुण्याची सीओईपी, माटुंग्याची व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, धनकवडीची पीआयसीटी, अशा ठिकाणी कॉम्प्युटरच्या जागा पहिल्या वर्षाला रिकाम्या राहतातच कशाला? म्हणजे ६० च्या वर्गाला उरल्या ६ जागा. त्या ६ मध्ये पुन्हा प्रवर्ग आले, मुलींच्या जागा आल्या. राज्यभरातल्या पॉलिटेक्निकांमध्ये पहिली-दुसरी आलेली सगळी मुलं त्याच ६ जागांकडे बघत असतात. त्यामुळे ९४ टक्के मिळवूनही हव्या त्या कॉलेजात नंबर लागला नाही, तर तो तुझ्या अभ्यासाचा पराभव समजू नकोस. तिथे जागाच तेवढ्या आहेत.

गेल्या दोन-तीन वर्षांच्या कटऑफच्या पीडीएफ उतरवून घे आणि शांतपणे वाच. ‘जी’ने सुरू होणारे रकाने सर्वसाधारण, ‘एल’ने सुरू होणारे मुलींचे. पुष्कळ मुली ‘जी-ओपन’चा आकडा बघून हाय खातात आणि शेजारच्या ‘एल-ओपन’कडे त्यांचं लक्षच जात नाही. शिवाय एकाच राउंडवर थांबू नकोस. पहिल्या राउंडला जे कॉलेज आवाक्याबाहेर दिसतं ते कधी कधी शेवटच्या राउंडला हाताशी येतं, कारण वरची मुलं आणखी वर सरकलेली असतात.

ऑप्शन फॉर्म भरताना खऱ्या पसंतीच्या क्रमानेच भर. ‘हे काही आपल्याला मिळणार नाही, मग वर कशाला लिहू’ असं म्हणून मुली आपणच आपलं कॉलेज खोडतात. अगं, वर लिहिल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. तुझी यादी वरून खाली बघितली जाते आणि तुझ्या गुणवत्ता क्रमांकात बसणारी पहिली जागा तुला मिळते. जपायचं ते दुसऱ्या बाजूला. पहिल्या नंबरचा पर्याय मिळाला की तो आपोआप फ्रीज होतो, पुढच्या राउंडला बदलता येत नाही. म्हणून पहिल्या नंबरला तेच कॉलेज आणि तीच ब्रांच लिही, जिथे उद्या सकाळी बॅग भरून जायची तुझी तयारी असेल. पुढच्या राउंडांत वरचे किती पर्याय फ्रीज होतात हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाच. कोणाच्या रीलवरून किंवा मागच्या वर्षीच्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून ठरवू नकोस, नियम दरवर्षी थोडे सरकतात.

एवढं प्रवेशाबद्दल पुरे. आता मला तुला एक विचारायचंय. कॉम्प्युटरच का?

रागावू नकोस. पगार बरा मिळतो, बसून काम असतं, सगळेच जातायत, ही कारणं खोटी नाहीत. पण ती तुला तीन वर्षं पुरणार नाहीत. मी सिव्हिलच्या अशा मुली पाहिल्यात, ज्या टोटल स्टेशन लावून अख्ख्या प्लॉटचा सर्व्हे अर्ध्या दिवसात उरकतात, साइटवरच्या मिस्त्रीला आवाज न चढवता काम समजावतात, आणि मग कॉम्प्युटरला जाऊन पडद्यासमोर घुसमटतात. उलट, बांधकामात कधीच मन न रमलेली आणि पहिल्यांदा प्रोग्रॅम चालला तेव्हा खुर्चीतून उठून नाचलेली मुलगीही मी पाहिलीय. तू यातली कोण आहेस हे तुझ्या मावशीला, आत्याला, वर्गातल्या टॉपरला माहीत असायचं कारण नाही. तुलाही अजून माहीत नाही, कारण तू ते करूनच पाहिलेलं नाहीस.

तर करून पाहा. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ लायब्ररीत मिळेल, नाहीतर जुन्या पुस्तकांच्या दुकानात. त्यातल्या पॉइंटर्सपर्यंत ये. मग लिंक्ड लिस्ट नावाचा प्रकार कागदावर काढ. चौकोन काढायचे, प्रत्येक चौकोनात एक आकडा आणि पुढच्या चौकोनाकडे जाणारा बाण. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकोनाच्या मध्ये एक नवा चौकोन घालायचाय. आधी नव्याचा बाण तिसऱ्याकडे वळव, मग दुसऱ्याचा बाण नव्याकडे. हाच क्रम उलटा करून बघ. दुसऱ्याचा बाण आधी नव्याकडे वळवलास की तिसऱ्याचा पत्ताच कुठे उरत नाही, त्याच्यापुढची सगळी लिस्ट हातातून जाते. हे तुझं तुला कागदावर दिसलं आणि ‘अरे, असं होय!’ असं वाटलं, एक सुटलं म्हणून दुसरं करावंसं वाटलं, तर खुशाल कॉम्प्युटर लिही. महिनाभर रोज बसूनही नुसता कंटाळाच आला, तर तोही एक निकालच समज आणि त्याचा मान ठेव.

कारण सिव्हिल ही उरलेल्यांची ब्रांच नाही. आपण १५ सप्टेंबरला अभियंता दिन करतो तो ज्यांच्या जन्मदिवशी, ते विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेजातूनच १८८३ मध्ये इंजिनिअर होऊन बाहेर पडले. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो, तेच ते कॉलेज. पाणी वाढलं की आपोआप उघडणारे त्यांचे दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर बसले. शिवाय तुझ्या हातात डिप्लोमा असतानाच सरकारी खात्यांतल्या कनिष्ठ अभियंता पदांची वाट उघडते, ते वेगळंच. सिव्हिलमध्येच राहून चांगल्या कॉलेजात डिग्री करायची ठरवलीस आणि कोणी ‘एवढे मार्क असून सिव्हिल?’ म्हणालं, तर मला फोन कर, मी बोलेन त्यांच्याशी.

आणि कॉम्प्युटरलाच जायचं ठरलं, तर नावाला चिकटून बसू नकोस. आयटी, एआय आणि डेटा सायन्स यांच्या दुसऱ्या वर्षाच्या विषयांत कॉम्प्युटरशी पुष्कळ सारखेपणा असतो: डेटा स्ट्रक्चर्स, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, डिस्क्रीट मॅथ्स, डेटाबेस. चांगल्या कॉलेजातलं आयटी सोडून, जिथे लॅबला शिक्षक नाहीत आणि मशिनं बंद आहेत अशा ठिकाणचं कॉम्प्युटर घेणं मला अजिबात पटत नाही. कॉलेज बघायला प्रत्यक्ष जा. एखाद्या वर्किंग डेला दुपारी लॅबमध्ये डोकाव, तिथल्या मुलींना विचार की प्रॅक्टिकलं खरंच होतात का. वेबसाइटवरच्या फोटोंपेक्षा त्या दहा मिनिटांत जास्त कळतं.

आता गणित. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण गाडी अडते ती इथेच.

तुझं शेवटचं गणित कधी झालं, आठव बरं. डिप्लोमाच्या दुसऱ्या सेमिस्टरला. त्यानंतर दोन वर्षं तू सर्व्हेइंग केलंस, काँक्रीट केलंस, एस्टिमेट काढलीस, पण इंटिग्रेशनला हात लावला नाहीस. ज्यांच्या शेजारी तू जाऊन बसणार, ती मुलं बारावीचं गणित, सीईटी आणि वर पहिल्या वर्षाचे एम-वन, एम-टू करून आलेली असतात. पार्शल डेरिव्हेटिव्ह, दुहेरी इंटिग्रल, मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू हे सगळं त्यांनी परीक्षेत लिहिलेलं असतं. आणि तिसऱ्या किंवा चौथ्या सेमिस्टरला एम-थ्री येतं, ते या सगळ्याला गृहीत धरून. शिकवणारे सरही धरतात, त्यांचा सिलॅबस संपायचा असतो. यात तुझ्या बुद्धीचा काही संबंध नाही, मधलं एक वर्ष तुला कोणी शिकवलेलंच नाही. ते वर्ष आपलं आपण भरून काढायचं.

आणि ते जेवढं भीतिदायक वाटतं तेवढं नाही. वही उघड आणि लिही: वर एक, खाली एस वर्ग अधिक तीन एस अधिक दोन. याचं इन्व्हर्स लाप्लास काढायचंय. नावच असं की ऐकूनच पोटात गोळा येतो. पण कर सुरुवात. छेदाचे अवयव पाड: एस अधिक एक आणि एस अधिक दोन. मग पार्शल फ्रॅक्शन: एक भागिले एस अधिक एक, त्यातून वजा एक भागिले एस अधिक दोन. मग तक्त्यात बघ. पहिल्याचं उत्तर ई चा वजा टी घात, दुसऱ्याचं ई चा वजा दोन टी घात, मधे वजाबाकी. झालं. यात नवीन काय होतं? फक्त शेवटची पायरी. अवयव शाळेतले आणि पार्शल फ्रॅक्शन तुझ्या डिप्लोमाच्या पहिल्या सेमिस्टरच्या बेसिक मॅथ्समधले. पुढे डिफरन्शियल इक्वेशनमध्ये डी वर्ग अधिक तीन डी अधिक दोन असं येईल, तर तेही हेच. मुळं वजा एक आणि वजा दोन, आणि उत्तरात पुन्हा ई चे तेच दोन घात. टेस्टमध्ये मुली अडतात त्या लाप्लासला नाही. लाप्लास वर्गात नवीनच शिकवलेलं असतं, ते लक्षात असतं. अडतात त्या पार्शल फ्रॅक्शनला, इंटिग्रेशन बाय पार्ट्सला, कॉस आणि साइनच्या सूत्रांना. ज्याबद्दल विचारायला लाज वाटते, तिथे.

म्हणून क्रम असा ठेव. आधी डिप्लोमाच्याच पहिल्या वर्षाची दोन पुस्तकं परत काढ, नवीन काही विकत घेऊ नकोस. डेरिव्हेटिव्हची सूत्रं, इंटिग्रेशनच्या पद्धती, पार्शल फ्रॅक्शन, मॅट्रिक्स, साधी डिफरन्शियल इक्वेशन, हे सगळं पुन्हा हाताखालून घाल. ‘वाचलं’ म्हणजे झालं असं समजू नकोस, पेनने सोडव. ते झाल्यावर एम-वन आणि एम-टूमधलं निवडक घे: पार्शल डेरिव्हेटिव्ह, कॉम्प्लेक्स नंबर, आयगेन व्हॅल्यू, दुहेरी इंटिग्रल. मुंबई विद्यापीठाकडे जाणार असशील तर कुंभोजकरांचं पुस्तक, पुण्याकडे वर्तिकरांचं, कुठेही चालेल असं हवं तर ग्रेवाल. सीनियरकडून जुनं घे, कोपऱ्यांवर पेन्सिलीच्या खुणा असलेलं मिळालं तर आणखी चांगलं, कोणती गणितं पेपरला येतात ते त्यावरून दिसतं. एखादी संकल्पना पुस्तकातून उलगडलीच नाही, तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. इंग्रजी भराभर वाटलं तर वेग कमी करून ऐक. आणि जिथे प्रवेश मिळण्याची शक्यता आहे त्या विद्यापीठाचा दुसऱ्या वर्षाचा सिलॅबस आत्ताच साइटवरून उतरवून घे. विद्यापीठागणिक आणि ब्रांचगणिक एम-थ्री वेगळं असतं. कुठे लाप्लास, कुठे फूरिए, कुठे संभाव्यता आणि संख्याशास्त्र.

रोज सकाळचे दीड-दोन तास पुरेत. मे महिन्यात लग्नं असतात, पाहुणे असतात, उन्हाळी वाळवणं असतात, आणि ‘परीक्षा झाली ना आता’ म्हणून घरातली निम्मी कामं तुझ्याकडे येतील, हे मला माहीत आहे. आईला एकदा नीट बसून सांग की ही सुट्टी नाही, हे तुझं न झालेलं पहिलं वर्ष आहे. आई ऐकते, आपण सांगत नाही. भावाच्या अभ्यासासाठी जसं दार लोटून घेतलं जातं, तसं तुझ्यासाठीही लोटलं गेलं पाहिजे, आणि ते तू मागितलंस तर त्यात काही उर्मटपणा नाही.

एक दिलासा सांगते. कॉम्प्युटरला डिस्क्रीट मॅथ्स असतं: सेट, लॉजिक, ग्राफ, मोजणीचे प्रकार. त्यातलं बरंचसं सगळ्यांनाच नवं असतं. तिथे तू आणि सीईटीला नव्व्याण्णव पर्सेंटाइल काढलेला मुलगा यांच्यातलं अंतर खूपच कमी असतं. त्या विषयात पहिल्या दिवसापासून वर राहा. एका विषयात वर्गाने तुला मानलं की बाकीच्या विषयांत हात वर करून प्रश्न विचारायला तू घाबरत नाहीस.

कॉलेजचा पहिला दिवस बहुतेक उशिराचा असेल. नियमित मुलांचे वर्ग जुलै-ऑगस्टला सुरू झालेले असतात, आपले कॅप राउंड संपून हातात ॲडमिशनचा कागद पडेपर्यंत सप्टेंबर, कधी त्याच्याही पुढे. तू वर्गात शिरशील तेव्हा दोन-दोन युनिटं संपलेली, टेस्ट तोंडावर, आणि प्रॅक्टिकलच्या बॅचेस ठरलेल्या. या आठवड्यात भिडस्तपणा अजिबात नको. पहिल्याच दिवशी वर्गप्रतिनिधीला गाठून टेस्टच्या तारखा, असाइनमेंटची यादी आणि सबमिशनच्या तारखा लिहून घे. नोट्सचे फोटो एकीकडून घेऊ नकोस, दोघींकडून घे. गणिताच्या सरांना किंवा मॅडमना त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांग, ‘मी डिप्लोमातून आलेय, हे हे करून आलेय, हे राहिलंय, शंका विचारायला कधी येऊ?’ बहुतेक जण मनापासून मदत करतात. मुलगी नेमकं काय राहिलंय ते सांगतेय म्हटल्यावर शिकवणाऱ्यालाही बरं वाटतं.

मात्र सगळेच तसे नसतात. आमच्या वेळी एका सरांनी पहिल्याच तासाला ‘डिप्लोमावाले हात वर करा’ म्हणून सगळ्यांना उभं केलं आणि वर्गाला म्हणाले, ‘यांना गणितात मदत करा रे.’ त्यांच्या मनात वाईट नसेलही. पण त्यानंतर आमच्यातल्या निम्म्या जणी कायमच्या मागच्या बाकावर गेल्या. मला त्याचा अजून राग येतो. तुझ्यावर तशी वेळ आली तर दुसऱ्या तासाला पुढच्या बाकावर जाऊन बस. तू कोणाच्या दयेवर तिथे आलेली नाहीस. ६ जागांतली एक तू मिळवलीस.

आणि तुझ्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही, हेही विसरू नकोस. तीन वर्षं तू जर्नल वेळेवर लिहिलंय, ओरलला बाहेरच्या परीक्षकासमोर बोललीयेस, साइटवर ट्रेनिंग केलंयस, गटाने प्रोजेक्ट उभा केलायस. पहिल्या वर्षातून आलेल्या बऱ्याच मुलांनी यातलं काहीच केलेलं नसतं. दुसऱ्या वर्षाचा मिनी प्रोजेक्ट आला की बघ, वाटण्या करणं, वेळ पाळणं, अहवाल लिहिणं यासाठी सगळे तुझ्याकडेच वळतील. तुझं सिव्हिलही वाया जात नाही. नकाशे, सर्व्हे, इमारतींची त्रिमितीय मॉडेलं, धरणांचं आणि रस्त्यांचं नियोजन हे सगळं आज सॉफ्टवेअरवर चालतं. जमीन मोजता येणारी आणि प्रोग्रॅमही लिहिता येणारी माणसं सहज सापडत नाहीत. तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट निवडताना हे डोक्यात ठेव.

इंग्रजीचं एवढंच सांगते. तांत्रिक शब्द तुला येतातच, अडतं ते जोडणाऱ्या वाक्यांना. रोज एक प्रोग्रॅम किंवा एक गणित मोठ्याने इंग्रजीत समजाव, भिंतीला समजाव हवं तर. ओरलला तेवढं पुरतं, पुढचं आपोआप सुधारतं.

कागदपत्रांचं काम मात्र आजच सुरू कर. निकाल लागल्यावर तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रावर रांगा लागतात. डोमिसाइल, शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, लागू असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमी लेअर, ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला. नॉन-क्रिमी लेअरवरची वैधतेची तारीख नीट बघ, ३१ मार्चला मुदत संपलेलं प्रमाणपत्र फाइलला लावून निर्धास्त राहिलेल्या मुली असतात. वैधता प्रमाणपत्राला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पडताळणी समितीकडे अर्ज केला नसेल तर ते आधी. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का तेही तपास, वडिलांच्या नावातल्या एका अक्षरावरून अर्ज परत येतात.

पैशाची काळजी बाबांच्या चेहऱ्यावर मला दिसते. त्यांना हे दाखव: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. बाकीच्या प्रवर्गांसाठीही योजना आहेत, घरापासून लांब राहणाऱ्यांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. सगळे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, आणि आधार बँक खात्याशी जोडलेलं हवं. कॉलेजच्या ऑफिसात ‘आधी पूर्ण फी भरा, मग बघू’ असं कोणी म्हणालं, तर शासन निर्णयाची प्रत पुढे कर आणि लेखी उत्तर माग.

‘चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळवून देतो’ म्हणणारे लोक निकालाच्या आठवड्यात फोन करायला लागतील. तुझा नंबर त्यांच्याकडे कुठून आला हे विचारण्यातही वेळ घालवू नकोस, फोन ठेव. बाबांनाही सांगून ठेव, कारण असे फोन बहुतेकदा वडिलांना येतात, आणि लेकीच्या काळजीपोटी माणूस भलत्या ठिकाणी पैसे देऊन बसतो.

तर आता असं कर. या आठवड्यात नॉन-क्रिमी लेअरचा अर्ज टाक आणि सहाव्या सेमिस्टरचा जीव तोडून अभ्यास कर, कारण टक्केवारी निम्मी तिथेच ठरणार आहे. शेवटचा पेपर झाला की दोन दिवस मनसोक्त झोप. तिसऱ्या दिवशी सकाळी बेसिक मॅथ्सचं पुस्तक काढून पार्शल फ्रॅक्शनची वीस गणितं सोडव. जिथे अडशील त्या पायरीचा फोटो मला पाठव, नुसतं ‘ताई, जमत नाहीये’ लिहू नकोस, कुठे अडलं ते दाखव. रात्री दहानंतर मी मोकळी असते.